लॅपटॉप झोपेतून उठताना सारे का विसरतो?

शाळेत निकालाचे दिवस असले, की लॅपटॉपला उसंत नसते. गुण भरता भरता घंटा होते, शिक्षक झाकण मिटवून तासाला जातात. परत येऊन झाकण उघडावे, तर अर्धवट भरलेला तक्ता जागच्या जागी दिसायला हवा. पण काही लॅपटॉप तसे करत नाहीत. पडद्यावर कंपनीचे बोधचिन्ह उमटते, यंत्र पहिल्यापासून सुरू होते आणि जतन न केलेले गुण नाहीसे झालेले असतात. यंत्र झोपले होते, पण उठताना जणू नव्याने जन्मले!

असे का होत असावे? ‘मदरबोर्ड गेला’ असे म्हणून कोणी हजारो रुपयांचा अंदाज सांगण्याआधी आपण हा प्रश्न जरा शास्त्रीय पद्धतीने पाहू या. त्यासाठी मुळात संगणकाची झोप म्हणजे काय, ते समजायला हवे.

दोन प्रकारची स्मृती

संगणकाजवळ माहिती ठेवण्याच्या दोन जागा असतात. एक म्हणजे डिस्क. तिच्यावर लिहिलेले वीज गेली तरी टिकते. दुसरी म्हणजे रॅम, म्हणजेच कामाची स्मृती. आपण ज्या तक्त्यात गुण भरत असतो, तो त्या वेळी रॅममध्ये असतो. आपण ‘सेव्ह’ केले, की त्याची प्रत डिस्कवर जाते.

आज वापरात असलेल्या रॅमची मूळ कल्पना आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचे पेटंट त्यांना १९६८ मध्ये मिळाले. एक बिट साठवायला एक सूक्ष्म धारित्र आणि एक ट्रान्झिस्टर पुरे, अशी ही साधी रचना आहे. धारित्रावर विद्युतभार असला तर १, नसला तर ०. आठ जीबीच्या रॅममध्ये अशी सुमारे ६,८७० कोटी धारित्रे असतात.

यात एकच अडचण आहे. ही धारित्रे गळकी असतात. त्यांच्यावरचा भार आपोआप पाझरून जातो. म्हणून रॅममधील प्रत्येक ओळ ठरावीक वेळाने वाचून पुन्हा लिहावी लागते. नेहमीच्या तापमानाला हा काळ ६४ मिलिसेकंद धरलेला असतो. म्हणजे सेकंदाला सुमारे १५ वेळा सगळ्या स्मृतीला उजाळा द्यावा लागतो. रॅम फार तापली तर गळती वाढते आणि उजाळाही दुप्पट वेगाने द्यावा लागतो.

वर्गात करून पाहा

प्लास्टिकचे आठ सारखे पेले घ्या. प्रत्येकाच्या तळाला टाचणीने बारीक भोक पाडा आणि पेले ओळीने एका परातीत, दोन पट्ट्यांवर टेकवून ठेवा. भरलेला पेला म्हणजे १, रिकामा म्हणजे ०. दुसरा आणि आठवा पेला पाण्याने भरा. ०१०००००१ ही झाली इंग्रजी वर्णमालेतल्या पहिल्या मोठ्या अक्षराची संगणकी खूण.

आता एका विद्यार्थ्याला तांब्या देऊन नियम सांगा: “दर अर्ध्या मिनिटाने फेरी मार. पेला अर्ध्याहून अधिक भरलेला दिसला तर काठोकाठ भर. अर्ध्याहून कमी असला तर तसाच सोड.” जोवर फेऱ्या चालू आहेत, तोवर अक्षर टिकते. विद्यार्थ्याला दहा मिनिटे बाहेर पाठवा. परत आल्यावर सगळे पेले रिकामे असतील, आणि आधी कोणते भरलेले होते हे कोणालाच सांगता येणार नाही. रॅममधले मंडलही अगदी याच नियमाने वागते.

मग झोप म्हणजे काय?

१९९६ च्या डिसेंबरमध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी मिळून एसीपीआय नावाचा मानक प्रसिद्ध केला. संगणकाच्या झोपेच्या पायऱ्या त्यात ठरवून दिल्या आहेत. त्यातली ‘एस-३’ ही आपल्या ओळखीची झोप. हिच्यात प्रक्रियक, पडदा, डिस्क यांचा पुरवठा बंद होतो. फक्त रॅम आणि तिचा उजाळा चालू राहतो. म्हणजे घर निजले आहे, पण तांब्या घेतलेला मुलगा मात्र जागा आहे. ‘एस-४’ म्हणजे शीतनिद्रा, अर्थात हायबरनेशन. यात रॅममधला सगळा मजकूर डिस्कवर उतरवून रॅमचीही वीज तोडतात.

आता झाकण उघडल्यावर काय घडते ते पाहा. एस-३ मधून उठताना प्रक्रियक जिथे थांबला होता तिथून सुरू होत नाही. त्याची तर वीजच गेलेली असते! संगणक नव्याने चालू करताना जी पहिली सूचना वाचली जाते, तिथूनच तो याही वेळी सुरुवात करतो. ही सूचना फर्मवेअरमध्ये, म्हणजे बोलीभाषेतल्या बायोसमध्ये असते. फर्मवेअर आधी एक छोटी नोंद पाहते: “आपण झोपलो होतो, की पूर्ण बंद होतो?” झोपलो होतो असे दिसले, तर ते रॅमला हात न लावता तिला नेहमीच्या कामावर आणते आणि विंडोजने आधी सांगून ठेवलेल्या ठिकाणी उडी घेते. मग विंडोज एकेका भागाच्या ड्रायव्हरला उठवते. पडदा, वाय-फाय, ध्वनी, यूएसबी असे एकेक भाग जागे होतात.

म्हणजे जागे होणे आणि नव्याने सुरू होणे या दोन वाटा एकाच दारातून निघतात. वाटेत कुठेही अडखळले, की यंत्र सुरक्षित मार्ग म्हणून दुसऱ्या वाटेला लागते. झोपेतून उठण्याऐवजी रीस्टार्ट होण्याचे मूळ हेच आहे.

काही नव्या लॅपटॉपांत एस-३ नसतेच. त्यांत प्रक्रियक पूर्ण बंद न होता अत्यंत कमी विजेवर डुलकी घेतो. असे यंत्र झोपेनंतर नव्याने सुरू झाले, तर ते झोपेत असतानाच कोलमडले असण्याची शक्यता मोठी. आपल्या यंत्रात कोणती झोप आहे, हे कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ हा आदेश, एक जागा सोडून तिरपी रेघ आणि लगेच ए हे अक्षर, असे इंग्रजीत टंकून पाहता येते.

बिघाड आहे तरी का?

पहिला प्रश्न हाच. पुष्कळ लॅपटॉप काही तास झोपल्यावर आपणहून शीतनिद्रेत जातात. त्यातून उठताना कंपनीचे बोधचिन्ह दिसते, पण नंतर आपला तक्ता जागेवर असतो. हा बिघाड नव्हे. दुसरे म्हणजे, रात्री विंडोजने स्वतःला अद्ययावत करून यंत्र पुन्हा सुरू केलेले असू शकते.

खात्री करायला दोन जागा आहेत. टास्क मॅनेजरमध्ये प्रक्रियकाच्या पानावर ‘अप टाइम’, म्हणजे यंत्र किती वेळ सलग चालू आहे, हे दिसते. झोप सुरळीत झाली असेल तर हा आकडा शून्यापासून सुरू झालेला नसतो. दुसरी जागा म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, ही विंडोजची रोजनिशी. तिच्यात ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद असली, तर यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले आहे. मात्र ४१ हे रोगाचे नाव नव्हे. ताप आला होता एवढेच ती सांगते. कशामुळे, ते शोधायचे काम आपले.

चार झोपा, चार निष्कर्ष

आता एका वेळी एकच गोष्ट बदलून प्रयोग करू. प्रत्येक वेळी आधी सगळे काम जतन करा, आणि निकाल वहीत लिहा.

१. चार्जर लावून एक मिनिट झोप.
२. चार्जर लावून रात्रभर झोप.
३. चार्जर काढून एक मिनिट झोप.
४. चार्जर काढून दोन तास झोप.

पहिल्या दोन्ही झोपा ठीक आणि शेवटच्या दोन्हींपैकी एखादी बिघडली, तर संशय बॅटरीवर. वरच्याच आदेशात तिरप्या रेघेनंतर ए ऐवजी ‘बॅटरी रिपोर्ट’ हे दोन इंग्रजी शब्द जोडून लिहिले, की विंडोज एक अहवाल तयार करते. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण भरल्यावरची क्षमता शेजारी शेजारी मिळतात.

क्षमता बरी असूनही बॅटरी दगा देऊ शकते. कारण तिचा अंतर्गत रोध. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हे गणित करायला द्यावे. समजा, बॅटरी ११ व्होल्टची आहे आणि जागे होताना यंत्र ३ अँपिअर प्रवाह ओढते. नव्या बॅटरीचा अंतर्गत रोध ०.१ ओहम धरला, तर विभवांतर ०.३ व्होल्टने घटेल. जुन्या बॅटरीचा ०.८ ओहम धरला, तर २.४ व्होल्टने! झोपेत प्रवाह नगण्य असल्याने ही उणीव दिसत नाही. उठण्याच्या क्षणी मात्र पुरवठा कोसळतो.

फक्त दुसरी झोप बिघडली, तर एस-३ मधून शीतनिद्रेत जाण्याच्या पायरीवर लक्ष द्या. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘हायबरनेट आफ्टर’ ही वेळ ‘नेव्हर’ करून पुन्हा रात्रभर पाहा.

पहिलीच झोप बिघडली, तर बॅटरीकडे पाहण्यात अर्थ नाही. मग यंत्र कुठवर पोचते ते पाहा. क्षणभर निळा पडदा चमकून यंत्र पुन्हा सुरू झाले, तर विंडोजपर्यंत वाट ठीक होती आणि अडखळला तो बहुधा एखादा ड्रायव्हर. सिस्टिमच्या प्रगत मांडणीत आपोआप रीस्टार्ट होण्याची खूण काढून टाकली, की निळा पडदा थांबतो आणि त्यावरचा संदेश वाचता येतो. यूएसबीला जोडलेले सगळे काढून पाहा. मग लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून पडद्याचा ड्रायव्हर नवा घ्या.

निळा पडदा न दिसता थेट बोधचिन्हच आले, तर फर्मवेअर किंवा रॅम यांकडे वळा. विंडोजमध्येच रॅम तपासण्याची सोय आहे. रॅमची पट्टी खाचेत सैल बसली असेल, तर ती काढून पुन्हा बसवणे हे जाणकाराचे काही मिनिटांचे काम आहे. फर्मवेअर अद्ययावत करताना बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला हवाच; मध्येच वीज गेली तर यंत्र सुरूच न होण्याचा धोका असतो. आणि बॅटरी फुगलेली दिसली, तर कोणताही प्रयोग न करता यंत्र बंद ठेवून दुरुस्तीला द्या. लिथियमच्या बॅटरीला दाबणे, टोचणे धोक्याचे असते.

यातून काय शिकायचे?

कारण सापडेपर्यंत दोन गोष्टी कराव्यात. झाकण मिटण्याआधी काम जतन करावे, आणि झाकण मिटल्यावर झोपेऐवजी शीतनिद्रा घडेल अशी मांडणी करावी. उठायला थोडा वेळ जास्त लागेल, पण मजकूर डिस्कवर असल्याने वीज गेली तरी तो राहील.

विज्ञानाच्या तासाला आपण ‘एका वेळी एकच चल बदला’ असे सांगतो, आणि मुलांना ते लोलकापुरतेच खरे वाटते. वरच्या चार झोपांत चल दोनच होते: चार्जर आणि वेळ. निकालांचा तक्ता मुलांपुढे ठेवा, कारण मात्र सांगू नका. चारांपैकी कोणती झोप बिघडली तर कोणावर संशय घ्यावा, आणि कोणाला निर्दोष सोडावे, हे त्यांनाच ठरवू द्या.