लिपो बॅटरी : चार्जिंग आणि समतोल



विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीच्या वेळी आठवीच्या एका विद्यार्थ्याने स्वतः बनविलेले, रिमोटवर उडणारे विमान शाळेत आणले होते. विमान सुरेखच होते, परंतु त्यातील बॅटरी पापडासारखी फुगलेली होती. चौकशी केली तेव्हा समजले की ती रोज रात्री उशाशी चार्जिंगला लावून तो झोपत असे. आम्ही ती बॅटरी तत्काळ अंगणात वाळूच्या बादलीत ठेवली. त्या मुलाला आम्ही रागावलो नाही, कारण हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. ते सांगावे म्हणून हा लेख.

ह्या बॅटरीला लिथियम पॉलिमर, थोडक्यात लिपो म्हणतात. ती लिथियम-आयन बॅटरीच्याच कुळातली. ज्यांच्या संशोधनातून हे कूळ जन्मले त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो ह्या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वजनाने हलकी असूनही ती एकदम भरपूर करंट देते, म्हणून विमाने, ड्रोन व मोटारींच्या मॉडेलांत ती वापरतात. मात्र तिच्या आतील द्रव ज्वालाग्राही असतो आणि बाहेरचे आवरण केवळ पातळ पाकिटासारखे असते.

आपल्या घरी इन्व्हर्टरची बॅटरी असते. ती बारा महिने चार्जिंगला लावलेली असते व तिला काही होत नाही. त्यामुळे सर्वच बॅटऱ्यांना ही सवय चालते असा आपला समज होतो. लिपोला ती चालत नाही. तिच्या प्रत्येक सेलची मर्यादा ठरलेली आहे : पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट, त्याहून अधिक नाही. आणि रिकामी होताना ३ व्होल्टच्या खाली कधीही नाही. शहाण्याने ३.५ च्या आसपासच विमान खाली उतरवावे. मर्यादा ओलांडली की आत रासायनिक बिघाड होतो, वायू तयार होतो व बॅटरी फुगते. बिघाड वाढला तर आतली उष्णता स्वतःच आणखी उष्णता निर्माण करते आणि बॅटरी पेटते.

आता समतोलाविषयी. मॉडेलच्या बॅटरीवर ‘३ एस’ लिहिलेले असते, म्हणजे तीन सेल एकामागे एक जोडलेले. पूर्ण भरल्यावर एकूण १२.६ व्होल्ट झाले पाहिजेत. साधा चार्जर फक्त ही बेरीज पाहतो. समजा एक सेल ४.१०, दुसरा ४.१५ आणि तिसरा ४.३५ व्होल्टवर आहे. बेरीज बरोबर १२.६०! चार्जर म्हणतो सर्व ठीक, आणि तिसरा सेल मात्र धोक्यात असतो. देवासच्या मंडळींना हे लवकर समजेल. एकाच गावात थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने होती. गावाचे एकूण उत्पन्न कळल्याने कोणाच्या खजिन्यात किती आहे हे कळत नसे. तसेच येथेही प्रत्येक सेलचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. त्यासाठी बॅटरीला जाड तारांखेरीज बारीक तारांचा पांढरा प्लग असतो. ३ एसला चार तारा. बॅलन्स चार्जर त्यातून प्रत्येक सेल मोजतो व जो पुढे गेला त्याची थोडी ऊर्जा काढून टाकून इतरांना बरोबरीला आणतो. म्हणून हा प्लग जोडल्याशिवाय चार्जिंग करू नये.

करंट किती ठेवावा? बॅटरीवर २२०० एमएएच लिहिले असेल तर २.२ अँपिअर, १००० असेल तर १ अँपिअर. ह्या हिशेबाने साधारण एक तास लागतो. घाई करू नये.

पुढील नियम वहीत उतरवून घ्यावेत :

१. चार्जरवर ‘लिपो’ हाच प्रकार व सेलची बरोबर संख्या निवडावी.
२. चार्जिंग फरशीवर, मोकळ्या जागी, जाणत्या माणसाच्या नजरेसमोर करावे. पलंग, गादी, सोफा वर्ज्य. झोपताना किंवा घराबाहेर जाताना कधीही नाही.
३. उड्डाणानंतर बॅटरी गरम असते. ती पूर्ण गार झाल्यावरच चार्जिंगला लावावी. आपल्या माळव्याच्या मे महिन्यात ती उन्हात किंवा बंद मोटारीत ठेवू नये.
४. काही दिवस वापरायची नसेल तर पूर्ण भरून वा रिकामी ठेवू नये. प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या सुमारास ठेवावा. चार्जरवर ‘स्टोरेज’ ही सोय असते.
५. फुगलेली, दबलेली, विमानासोबत आपटलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. टोचू नये. भंगारात वा कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावी.
६. पेट घेतल्यास मुलांनी हात लावू नये. धूर विषारी असतो. सर्वांनी बाहेर पडावे व मोठ्यांना तसेच अग्निशमन दलाला बोलवावे.

कोणी म्हणेल, खेळण्याच्या बॅटरीसाठी एवढे कशाला? २०२२ च्या मार्च महिन्यात पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विद्युत स्कूटर पेटली होती. त्या वर्षी अशा अनेक घटना घडल्या व डिसेंबरपासून शासनाने वाहनांच्या बॅटरीचे नियम कडक केले. स्कूटरच्या बॅटरीत तर सेलवर पहारा ठेवणारी यंत्रणा बसविलेली असते. मॉडेलच्या बॅटरीत बहुधा तीही नसते. तेथे पहारेकरी म्हणजे तुम्ही स्वतः.

आम्हाला हा छंद बंद करावयाचा नाही. आपल्या धार जिल्ह्यात पीथमपूरला २०२१ साली ११.३ किलोमीटरचा वेगवान चाचणी मार्ग सुरू झाला आहे. उद्या तेथे वाहने तपासणारे अभियंते आपल्याच वर्गातून निघावेत अशी आमची इच्छा आहे. विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की प्रयोगशाळेसाठी एक चांगला बॅलन्स चार्जर व वाळूच्या दोन बादल्या मंजूर कराव्यात. तोपर्यंत शाळेत लिपो बॅटरीचे चार्जिंग शिक्षकांसमोरच होईल. पालकांनी आज रात्रीच मुलांच्या उशाशी काय चार्ज होत आहे ते पाहावे, ही नम्र विनंती.