देवराष्ट्र्याची जीप आणि सौद्याचा कागद

लागणीच्या नोंदी, बेणे आणि खताची मात्रा एवढ्यावर आमचा संसार. त्यात जीपगाडीचा विषय कुठून आला, असे सभासद बंधूंना वाटेल. पण नोंदी घेत फिरताना कडेगाव भागातील एका वस्तीवर गोठ्याच्या बाजूला आम्हांस एक गाडी दिसली आणि उसाची गोष्ट बाजूला राहिली.

गाडी म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जीप हुबेहूब. हिरवा रंग, मागे लटकवलेले चाक, पुढे उभ्या पट्ट्यांची जाळी. सभासदाच्या थोरल्या मुलाने दोन उन्हाळे खपून ती उभी केलेली. सांगाडा गावातच वेल्डिंग केलेला, पत्रा भंगारातला, इंजिन दुसऱ्याच गाडीचे. आता त्याला ती विकायची होती. जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींकडे मोबाईलवरून फोटो पाठवले होते. खाली मजकूर होता, '1944 सालची विलीज, मूळ स्थितीत.' किंमत चार लाख.

आम्ही विचारले, "कागदपत्रं?" तर म्हणाला, "साहेब, हौसेची गाडी. कागद कोण बघतंय?"

हे ऐकून देवराष्ट्र्याची आठवण झाली. यशवंतराव चव्हाणांचे हे जन्मगाव आपल्याच कडेगाव तालुक्यात. तिथले दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हट्टापायी भंगारातून छोटी जीप केली. दुचाकीचे इंजिन, चालू करायला चक्क किक, स्टिअरिंग डाव्या हाताला. खर्च सुमारे 60 हजार. त्याची चित्रफीत महिंद्र उद्योगसमूहाचे आनंद महिंद्र यांच्या पाहण्यात आली आणि डिसेंबर 2021 मध्ये त्यांनी ट्विटरवर तिचे कौतुक केले. गाडीच्या तोंडाकडची जाळी ओळखीची वाटते, असा चिमटाही काढला. पण त्याच वेळी त्यांनी स्पष्ट लिहिले की ही गाडी कुठल्याच नियमात बसत नाही. आज ना उद्या अधिकारी ती रस्त्यावर चालवू देणार नाहीत, तेव्हा बदल्यात आपण बोलेरो देऊ. जानेवारी 2022 मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली आणि घरची जीप तमिळनाडूतील महिंद्र रिसर्च व्हॅली या संशोधन केंद्राच्या संग्रहात गेली.

वर्तमानपत्रांनी कौतुक छापले ते बोलेरोचे. आम्हांला मोठा वाटला तो सौदा. एकाने भंगाराला जीप म्हणून खपवले नाही, दुसऱ्याने नियमात बसत नाही हे झाकले नाही. तरीही मोल झाले, आणि चांगले झाले.

कुणी म्हणेल, नक्कल ती नक्कलच. तसे पाहिले तर खुद्द महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यानंतर विलीज जीपच इथे जोडायला घेतली, तीही रीतसर परवान्याने. पुढे तिच्याच रॉक्सर गाडीचा तोंडवळा मूळ जीपची नक्कल करतो, असा निकाल अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने जून 2020 मध्ये दिला. कंपनीला पुढचा भाग बदलावा लागला, तेव्हा त्याच वर्षअखेर नवा तोंडवळा मान्य झाला. म्हणजे जाळीच्या चार पट्ट्यांवरून मोठमोठ्यांनाही हिशेब द्यावा लागतो. आपल्या पोराची काय कथा!

कायदा मात्र सर्वांना एक. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 39 प्रमाणे नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. पहिल्या वेळी दंड दोन ते पाच हजार. गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. ही वाट कारखानदारासाठी, गोठ्यातल्या एकुलत्या एका गाडीला परवडणारी नव्हे. जुनी म्हणून सवलत मिळेल म्हणाल, तर जुलै 2021 च्या नियमांत 'व्हिंटेज' म्हणजे पहिल्या नोंदणीला 50 वर्षे उलटलेली आणि मूळ रूप राखलेली गाडी. मागच्या वर्षी वेल्डिंग केलेला सांगाडा त्यात कसा बसेल? कुणी मेलेल्या जीपचे नोंदणीपुस्तक नव्या सांगाड्याला चिकटवतो. ते तर सरळ फसवणुकीत जाते. सांगाड्याचा नंबर काही रंगाखाली लपत नाही.

कागदाची किंमत आम्ही स्वतः मोजलेली आहे. वडिलांची मोटारसायकल आम्ही ओळखीतल्या माणसाला विकली, पैसे मोजून घेतले आणि नाव बदलायचे राहून गेले. दीड वर्षाने पोलीस घरी आले. गाडी कुठेतरी कुणाला धडकली होती आणि मालक म्हणून नाव वडिलांचेच. निभावले, पण आईने दोन दिवस अन्न गोड लागू दिले नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात हेच ठरवले आहे. गाडी चार हात फिरली तरी नोंदणीत ज्याचे नाव, भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणून नोंदणी असलेली कुठलीही गाडी विकताना 29 आणि 30 नंबरचे फॉर्म त्याच दिवशी भरावेत, कर्ज असल्यास बँकेची ना-हरकत घ्यावी. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवायचे असते. आणि एखादी गाडी मोडून तिचे इंजिन काढले असेल, तर त्या गाडीची नोंदणी रद्द करून घ्यावी. नाहीतर तिचा नंबर मागे लागतो.

हे सगळे त्या पोराला गोठ्याशेजारी बाजेवर बसून सांगितले. त्याचे तोंड उतरले. "मग आमच्या दोन उन्हाळ्यांचं काय?" हा प्रश्न रास्त होता. आम्ही म्हणालो, बेणेमळ्यातले 86032 आणि कुठलीतरी मिसळ एकाच नावाने विकली तर तूच आमच्याशी भांडशील. तू केलंयस ते लिही.

त्याने मजकूर बदलला. 'जीपची हाताने केलेली प्रतिकृती, सन 2023 मध्ये तयार. नोंदणी नाही, रस्त्यावर चालवण्यासाठी नाही.' खाली सांगाड्याचे, वेल्डिंगचे, इंजिनाचे वेगवेगळे फोटो. चार लाखांवाले फोन बंद झाले. महिनाभर काहीच आले नाही, तेव्हा त्याचा बाप आम्हांला वाटेत अडवून बोलला ते इथे छापण्यासारखे नाही.

नंतर कोल्हापूरकडून एक गृहस्थ आले. शेतावरच्या हॉटेलपुढे उभी करायला हवी होती. त्यांनी गाडीखाली झोपून प्रत्येक जोड पाहिला. एक लाख दहा हजारांवर सौदा तुटला. लिहून दिलेल्या पावतीवर 'प्रतिकृती' हा शब्द दोघांनी मोठ्या अक्षरात लिहिला. गाडी ट्रेलरवर चढवून नेली, चालवत नाही. गेल्या आठवड्यात खोडव्याची पाहणी करायला गेलो, तर गोठ्याशेजारी पुन्हा पत्र्याची कापाकापी चाललेली. बाप मशीनला वायर धरून उभा होता.