भेग नमुन्यात येत नाही

कचऱ्याच्या डोंगरावर माती टाकली, गवत लावलं की झालं, असं मलाही वाटायचं. मग एमटेकच्या प्रोजेक्टसाठी इंदूरजवळच्या एका बंद कचरा डेपोवर वर्षभर खेपा घातल्या.

नियम कागदावर चोख होता. 2016 च्या घनकचरा नियमांप्रमाणे कचऱ्यावर 60 सेंमी चिकणमाती, तिच्यावर 15 सेंमी निचऱ्याचा थर, त्यावर 45 सेंमी गवताची माती. चिकणमातीची झिरप सेकंदाला 10⁻⁷ सेंमीपेक्षा कमी हवी होती, म्हणजे वर्षाला जेमतेम 3 सेंमी. लॅबमध्ये आमचा नमुना पास झाला. पण नमुना केवढा? मुठीएवढा! भेग असलेला तुकडा काढतानाच फुटतो, मग आपण शेजारचा चांगला घेतो.

म्हणून जागेवर चाचणी. वरचे थर बाजूला करून चिकणमातीत दोन चौकटी एकात एक बसवायच्या. बाहेरची साधारण साडेतीन मीटरची, आतली दीड मीटरची आणि वरून बंद. दोन्हींत पाणी भरायचं. आतल्या चौकटीला नळीने पाण्याची पिशवी जोडायची आणि तिचं वजन करत राहायचं. जेवढं घटलं, तेवढं पाणी मातीत मुरलं. आठवडेच्या आठवडे हेच. आई फोनवर विचारायची, "आज काय केलंस?" मी म्हणायचे, "पिशवी तोलली."

हिवाळ्यात पिशवीचं वजन हलेना. मे महिना सरल्यावर पुन्हा लावली, तर सकाळी रिकामी! उकरून पाहिलं, तर गवताची मुळं भेगांतून खोल उतरलेली. माळव्याची काळी माती उन्हात कशी फाटते, हे आजोबांनी शेतात कितीदा दाखवलं होतं. अमेरिकेत जॉर्जियातल्या ऑल्बनीला 10 बाय 20 मीटरच्या चाचणीच्या तुकड्यावरही हेच झालं होतं. कोरड्या काळात पडलेल्या भेगा नंतरच्या पावसाने बुजल्या नाहीत, आणि चार वर्षांत चिकणमातीची झिरप सुमारे हजारपट वाढली.

"लॅबचा आकडा पुरे आहे," असं मला सुचवण्यात आलं. मी रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे दिले, मुळांचे फोटोही जोडले. सही करताना हात जरा थरथरला, खोटं कशाला सांगू?

उताराला एका काकांची विहीर आहे. ते विचारत होते, "बेटी, मिट्टी डाल दी, अब पानी ठीक रहेगा ना?" त्यांच्या विहिरीचं पाणी तपासायला दिलंय. निकाल यायचाय, तोवर पिण्याचं पाणी दुसरीकडून आणा, असं त्यांना सांगून आलेय.