अंगात बळ, तोंडात आवाज

बचतगटाच्या बैठकीत हप्ते, व्याज, कर्जाची मागणी असं सगळं झालं आणि रजिस्टर मिटलं, की खरं बोलणं सुरू होतं. त्या बोलण्यात एक विषय सारखा येतो. मुलगी दहावी झाली, पुढं कॉलेजला तालुक्याला जायचं. गावापासून फाट्यापर्यंत चालत, तिथून एसटी. फाट्यावर मोटारसायकलवाली पोरं उभी राहतात, एखादा मागं मागं येतो. घरात कळलं की पहिला निर्णय ठरलेला असतो : बस झालं शिक्षण, स्थळं बघा. म्हणजे त्रास देणारा मोकळा राहतो आणि शाळा सुटते ती मुलीची.

म्हणून आज आपण स्वतःच्या बचावाबद्दल बोलू. हा विषय नुसता मारामारीचा नाही. मुलीच्या शिक्षणाचा, आपल्या मजुरीचा, पहाटे बिनधास्त घराबाहेर पडण्याचाही आहे.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. बचाव म्हटलं की डोळ्यांपुढं अंधार, निर्जन रस्ता आणि अनोळखी माणूस येतो. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वर्षानुवर्षांचे अहवाल वेगळं सांगतात. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत शंभरातल्या नव्वदहून जास्त ठिकाणी आरोपी त्या बाईच्या ओळखीचा असतो. नात्यातला, शेजारचा, कामावरचा, लग्नाचं वचन देणारा. म्हणजे नुसते हातपाय चालवायला शिकून भागत नाही. ओळखीच्या माणसाला 'नाही' म्हणायला शिकावं लागतं, आणि ते ठोसा मारण्यापेक्षा अवघड आहे.

बळ आपल्या घरातलंच आहे

कराटे, ज्युदो, तायक्वांदो हे सगळं चांगलंच आहे. जवळ शिकवणारा असेल तर मुलींना जरूर पाठवा. पण कराटेचा वर्ग गावात नाही म्हणून आपल्याला काहीच येत नाही, असं समजू नका.

कोल्हापूरकडं मर्दानी खेळाची परंपरा आहे. लाठी, तलवार, दांडपट्टा असे खेळ तिथं मुलीही खेळतात. दांडपट्ट्याला 2024 साली महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून मान मिळाला. आपल्याकडं लेझीम आहे, आणि पंचमीच्या फुगड्या तर प्रत्येकीच्या अंगात आहेत. फुगडी म्हणजे काय, याचा कधी विचार केलाय? समोरचीचा हात घट्ट धरायचा, अंगाचा भार मागं टाकायचा, पाय एका जागी ठेवून तोल सांभाळायचा. पकड, भार आणि तोल. बचावातही याच तीन गोष्टी लागतात.

आणि आपल्या जिल्ह्याचा खरा मान म्हणजे खो-खो. धाराशिवची सारिका काळे 2016 साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या संघाची कर्णधार होती. त्या संघानं सुवर्णपदक आणलं. 2020 साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. घरची परिस्थिती इतकी ओढीची होती की कित्येक वर्षं एक वेळ जेवून ती खेळली, असं तिनं स्वतः सांगितलं आहे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं, आणि त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

खो-खोला ना महागडं साहित्य लागतं ना मोठा हॉल. दोन खांब आणि मोकळं मैदान पुरतं. पण त्यात मुलगी काय शिकते ते बघा. समोरची कुठं वळणार हे डोळ्यांनी ओळखायचं, हूल द्यायची, एकदम दिशा बदलायची, दम टिकवून पळायचं आणि मोठ्यानं 'खो' म्हणायचं. अंगावर येणाऱ्याला हुकवून निसटायची सवय तिच्या पायांना लागते. म्हणून शाळेतल्या मुलीला 'आता मोठी झालीस, मैदानावर जाऊ नको' असं म्हणू नका.

काम वेगळं, व्यायाम वेगळा

आता तुम्ही म्हणाल, आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला व्यायाम कशाला? राबणं खरंच आहे. पण खुरपणीला, सोयाबीन काढणीला आपण तासन्‌तास वाकलेल्या असतो. एकाच बाजूनं, एकाच पद्धतीनं अंग झिजतं. कंबर दुखते, पण दंडाला आणि मांडीला बळ येतंच असं नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. आपल्याला वीस मिनिटं पुरतात. असं करा :

भिंतीपासून हातभर लांब उभं राहून भिंतीवर जोर काढा, दहा वेळा. सवय झाली की ओट्यावर, मग जमिनीवर. त्यानं दंड आणि छाती भरते, ढकलायचं बळ येतं.

खाटेवर बसल्यासारखं वाका आणि हाताचा आधार न घेता उठा, दहा वेळा. मांड्या पक्क्या होतात. पळायला आणि लाथ मारायला त्याच लागतात.

दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या भरलेल्या कळशा घेऊन पाठ ताठ ठेवून अंगणात दोन-चार चकरा मारा. पकड आणि पाठ दोन्ही सुधारतात.

शेवटी दोघी-दोघींनी फुगडी. दम वाढतो आणि हसूही येतं.

गरोदर बायका, नुकतं बाळंतपण झालेल्या, पिशवीचं ऑपरेशन झालेल्या, अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्या बायकांनी आधी डॉक्टरांना विचारावं आणि वजन उचलू नये. दुसरी गोष्ट रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी 2019-21 नुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 54 बायकांत रक्त कमी आहे. रक्तच नसेल तर बळ कुठून यायचं? उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या, लोहाच्या गोळ्या घ्या, आणि घरात सगळ्यात शेवटी उरलंसुरलं खायची सवय सोडा.

पाच पायऱ्या

बचावाच्या पाच पायऱ्या आहेत. मारणं त्यातली चौथी आहे.

पहिली, लक्ष. चालताना कानात हेडफोन आणि डोळे मोबाईलमध्ये नकोत. मनाला काही खटकलं तर 'उगाच वाटतंय' म्हणून ते दाबू नका. रस्ता बदला, दुकानात शिरा, बायकांच्या घोळक्यात जा.

दुसरी, आवाज. 'लांब हो!', 'हात काढ!' असं पोटातून, मोठ्यानं, डोळ्यांत बघून बोला. शिव्या नकोत, विनवण्याही नकोत. आपल्याला लहानपणापासून हळू बोलायला शिकवलेलं असतं. म्हणून गटात सगळ्या मिळून ओरडायचा सराव करा. पहिल्यांदा सगळ्या हसतात, आवाज फुटत नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी फुटतो.

तिसरी, अंतर. अनोळखी किंवा नकोसा माणूस दोन हातांच्या आत येऊ देऊ नका. एक पाय मागं, गुडघे जरा वाकलेले, दोन्ही तळहात छातीसमोर उघडे. बघणाऱ्याला वाटतं बाई 'थांब' म्हणतेय, पण आपले हात तयार असतात.

चौथी, सुटका. कोणी मनगट धरलं की आपण सरळ मागं ओढतो आणि ते निसटत नाही. पकडीत चार बोटं एकीकडं असतात आणि अंगठा एकटा असतो. कच्ची बाजू अंगठ्याची. अर्धं पाऊल पुढं टाकून आपला कोपर त्याच्याकडं न्या आणि मनगट त्याच्या अंगठ्याच्या दिशेनं झटक्यात फिरवा. मागून कवळ घातली तर भरलेली घागर उचलताना बसतो तसं खाली बसा, अंगाचा भार टाका, टाच त्याच्या पायाच्या पंजावर आपटा आणि कोपर मागं बरगडीत हाणा. समोरून असेल तर मूठ मारू नका, सवय नसेल तर आपलीच बोटं मोडतात. मनगटाजवळच्या तळहाताच्या जाड भागानं नाकावर मारा, गुडघा जांघेत मारा, नडगीवर लाथ मारा. ताकद कमी असली तरी या जागा नाजूक असतात.

पाचवी, पळ. पकड सुटली की थांबून भांडायचं नाही. उजेडाकडं, माणसांकडं पळायचं आणि ओरडत पळायचं.

यात एक अपवाद लक्षात ठेवा. समोरच्याच्या हातात चाकू-कोयता असेल आणि त्याला पोत किंवा मोबाईल हवा असेल, तर देऊन टाका. पोत पुन्हा करता येते. मिरचीपूड बऱ्याच जणी जवळ ठेवतात, पण वारा उलटा असला तर ती आपल्याच डोळ्यांत येते. त्यापेक्षा शिट्टी आणि बॅटरी भरवशाची.

अशा शिक्षणाचा उपयोग होतो का? कॅनडात तीन विद्यापीठांतल्या मुलींचा मोठा अभ्यास झाला, तो 2015 साली प्रसिद्ध झाला. बारा तासांच्या वर्गात मुलींना धोका ओळखणं, ओळखीच्या माणसाला नकार देणं आणि प्रतिकार करणं शिकवलं. पुढच्या वर्षभरात शिक्षण न घेतलेल्या शंभरातल्या साधारण दहा मुलींवर बलात्कार झाला होता, शिक्षण घेतलेल्या शंभरातल्या पाचांवर. म्हणजे धोका निम्म्यावर आला, पण पुरता संपला नाही. दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवायच्या.

अंग गोठलं तर

पुष्कळ बायका सांगतात, 'त्या वेळी हातपाय हललेच नाहीत, तोंडातून शब्द फुटला नाही.' त्यात त्या बाईचा दोष नाही. भीती फार मोठी असली की शरीर आपोआप गोठतं, हे डॉक्टर सांगतात. कायदाही तेच मानतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की बाईनं अंगानं प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून तिची संमती होती असं धरायचं नाही. म्हणून 'तू का नाही मारलंस?' हा प्रश्न आपल्या गटात कोणी कोणाला विचारायचा नाही. गुन्हा करणाऱ्याचा असतो. बचाव शिकलेलीचा नसतो आणि न शिकलेलीचाही नसतो.

आणि जिनं मारलं तिनं घाबरायचं कारण नाही. संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये स्वतःचा आणि दुसऱ्याचा जीव व शरीर वाचवायचा हक्क दिला आहे. अट इतकीच की बचावाला लागेल तेवढंच. तो पळून जाताना मागं लागून मारलं तर ते बचावात बसत नाही.

पाठलाग करणं, नको म्हटल्यावरही फोन-मेसेज करत राहणं हा कलम 78 खाली गुन्हा आहे. तक्रार कोणत्याही पोलिस ठाण्यात देता येते, 'आमची हद्द नाही' असं सांगून परत पाठवता येत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर जिल्हा पोलिस अधीक्षकांना टपालानं लेखी पाठवता येते. नंबर पाठ करा : पोलिसांसाठी 112, महिला मदतीसाठी 181, मुलांसाठी 1098.

मारहाण घरातच होत असेल, तर तिथं डाव-पेच नव्हे, तयारी कामी येते. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, थोडे पैसे, एक जोड कपडे शेजारणीकडं किंवा गटातल्या मैत्रिणीकडं ठेवा. आवाज ऐकू आला की चौघींनी जाऊन दार वाजवायचं, हे आधीच ठरवा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडं तक्रार करता येते, आणि सखी वन स्टॉप सेंटरमध्ये राहायची, डॉक्टरची, वकिलाची मदत मिळते.

गटानं काय करायचं

एकटीचं बळ थोडं, गटाचं जास्त. पुढच्या बैठकीत गावाचा नकाशा जमिनीवर काढा. मुली-बायकांना कुठं भीती वाटते तिथं खूण करा : फाटा, ओढा, पाण्याची टाकी, बंद पडलेला दिवा. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. तिथं त्या जागी दिवा बसवायचा ठराव घ्या आणि ठरावाची नक्कल गटाच्या फाईलला लावा. फाट्यापर्यंत मुलींनी एकत्र जावं आणि आठवडाभर पाळीपाळीनं दोन बायांनी सोबत उभं राहावं. टवाळखोरांना मुलींपेक्षा चुलत्या-मावश्यांची जास्त भीती असते.

शाळेत चौकशी करा. समग्र शिक्षा योजनेत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी तीन महिन्यांचं राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे. आपल्या शाळेत ते होतं का, शिकवणारी बाई आहे का, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारा. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांनी निघायच्या आधी आपल्या टोळीतल्या बायकांची जोडी ठरवावी. पहाटे अंधारात कोपीबाहेर एकटीनं जायचं नाही, बॅटरी आणि शिट्टी दोघींजवळ हवी.

आणि मुलांशीही बोला. फाट्यावर उभी राहणारी पोरं आपल्याच घरांतली आहेत. बहिणीला घरी बसवण्यापेक्षा भावाला जाब विचारणं सोपं नाही, पण बचावाचं निम्मं काम तिथंच होतं.

पुढच्या बैठकीत हिशोब झाला की रजिस्टर बाजूला ठेवा आणि अर्धा तास द्या. दहा जोर भिंतीवर, दहा उठाबशा, मनगट सोडवायचा सराव, आणि सगळ्यांनी मिळून एकदा मोठ्यानं 'लांब हो!' आवाज शेजारच्या आळीत ऐकू गेला पाहिजे.