तणनाशक तेच, मग तण का राहिलं?



सुरू लागणीच्या दिवसांत गट ऑफिसला एक तक्रार हमखास येते. मागच्या हंगामात एक सभासद रिकामा पुडा हातात घेऊनच आले. "साहेब, औषध बोगस निघालं. पैसे गेले, आणि आता भांगलणीला बायका पण लावायच्या!" त्यांच्याबरोबर रानात गेलो. सऱ्या घोळ-माठाने हिरव्यागार. बांधापलीकडे त्यांच्या थोरल्या भावाचे रान मात्र स्वच्छ. दुकान एक, औषध एक, फवारणारा गडीही एकच. मग फरक कुठे पडला?

आधी औषध तण कसे मारते ते पाहू. लागणीनंतर आपण मारतो ते ॲट्राझिन तणाला वरून जाळत नाही. ते ओल्या मातीच्या वरच्या थरात राहते. तणाचे बी रुजले की कोवळी मुळी पाण्याबरोबर ते ओढून घेते. पानात चढल्यावर ते उन्हात अन्न तयार करण्याचे पानाचे काम बंद पाडते. पाने पिवळी पडतात, रोप वाळते. ऊसही हे औषध घेतो, पण त्याच्या अंगात ते मोडून निरुपयोगी होते. म्हणून बेताच्या मात्रेत ऊस तगतो. 2,4-डी ची तऱ्हा वेगळी. ते उगवलेल्या रुंद पानांच्या तणात पानातून शिरते आणि वाढ बेताल करते. तण पिळवटून मरते.

आता त्या दोन रानांकडे वळू. भावाने लागणीनंतर चौथ्या दिवशी, वापशावर फवारले. आमच्या सभासदांकडे गडी पोचला दहा दिवसांनी. तोवर ढेकळे वाळलेली, तण वर आलेले. कोरड्या ढेकळावर पडलेले औषध मुळीपर्यंत जाणार कसे? त्यात गडी पुढे चालत फवारत गेला आणि फवारलेली माती स्वतःच तुडवली. पुडा बोगस नव्हता, वेळ चुकली होती.

दुसरे कारण मोजमापाचे. "पंपाला एक मूठ" हे माप नव्हे. ॲट्राझिन 50 टक्के भुकटी एकरी 2 किलो, पाणी 400 लिटर, असे धरले तर गुंठ्याला 50 ग्रॅम भुकटी आणि 10 लिटर पाणी येते. आधी नुसते पाणी घेऊन एक गुंठा फवारून पाहा. 10 ऐवजी 6 लिटरच लागले, तर चाल भरभर आहे. ही भुकटी विरघळत नाही, तळाशी बसते. म्हणून पंप मधूनमधून हलवावा, नाहीतर एका सरीला जादा आणि दुसरीला नुसते पाणी.

तिसरे कारण जमिनीचे. भारी काळी माती औषध धरून ठेवते. हलक्या मुरमाड रानात जोराचे पाणी दिले तर ते खाली उसाच्या मुळाशी उतरते. त्यामुळे मात्रा जमीन बघून आणि पुड्यावरचे लेबल वाचूनच ठरवावी. हराळी आणि लव्हाळा यांना मात्र ॲट्राझिन पुरे पडत नाही. त्यांची काशी व गाठी जमिनीत खोल असतात. त्या लागणीआधीच नांगरटीत वेचून काढाव्यात.

एक चूक माझीही सांगतो. काही वर्षांपूर्वी एका सभासदांनी वाटेत मात्रा विचारली, मी गाडीवरूनच सांगितली. सरीत हरभरा टोकला होता, हे मी विचारलेच नाही. उगवलेला हरभरा पिवळा पडून गेला. घरच्या डाळीची आणि बाजारच्या चार पैशांची आशा बुडाली. त्या माणसाने मला शब्दाने दुखावले नाही, पण तेव्हापासून मात्रेआधी मी "आंतरपीक काय?" हे विचारतो. तसेच 2,4-डी वाऱ्यात मारू नये. शेजारच्या द्राक्षबागेला, कपाशीला, भाजीपाल्याला त्याचा उडालेला तुषारही बाधतो.

थोडक्यात, ढेकळे फोडून रान भुसभुशीत करावे. वापशावर, तण उगवण्याआधी, पंख्यासारखा फवारा देणारे नोझल लावून मागे सरकत फवारावे. नंतर काही आठवडे माती हलवू नये. हातमोजे घालावेत, नाका-तोंडाला कापड बांधावे, पंप साबणाच्या पाण्याने धुवावा.

उसाचे पहिले तीन-चार महिने तणाने खाल्ले, तर पुढे कितीही खत घातले तरी ती तूट भरून येत नाही. लागण झाली की फवारणीआधी गट ऑफिसला जरूर या. पुडा रिकामा झाल्यावर नको, भरलेला असतानाच या!

— ऊस विकास अधिकारी