हंडा, फरशी आणि यंत्रमानव : प्राथमिक शाळेतील कोडिंगची ओळख

मुकुंदवाडीचे नाव २०१९ साली देशाबाहेरच्या वृत्तपत्रांत झळकले ते पाण्यामुळे. त्या वर्षी पाऊस लांबला होता. येथील काही शाळकरी मुले रिकामी भांडी घेऊन रेल्वेने औरंगाबाद स्थानकावर जात, तेथील नळावर ती भरीत आणि परतीच्या गाडीने घरी येत. प्राथमिक शाळेतील मुलांना कोडिंग आणि यंत्रमानवाची ओळख कशी करून द्यावी, या आजच्या विषयाशी त्या मुलांचा काय संबंध, असे वाचकांना वाटेल. संबंध निकटचा आहे. नळाला पाणी आले की हंडा कोणत्या क्रमाने लावावयाचा, तो भरत आला हे कशावरून ओळखावयाचे आणि तोटी केव्हा फिरवावयाची, हे त्या मुलांना पक्के ठाऊक असते. हेच ज्ञान यंत्राला उमगेल अशा नेमक्या आज्ञांत मांडणे म्हणजे कोडिंग होय. भोवतालची स्थिती जाणून, त्या आज्ञांप्रमाणे प्रत्यक्ष हालचाल करणारे यंत्र म्हणजे यंत्रमानव.

‘रोबोट’ हा शब्द कारेल चापेक या झेक लेखकाने १९२० साली आपल्या नाटकात प्रथम वापरला. तो ज्या झेक शब्दावरून आला त्याचा अर्थ ‘वेठ’ असा आहे. मुकुंदवाडीसारख्या वस्तीत हा अर्थ मनाला लागतो. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत येथून हाकेच्या अंतरावर आहे. अमेरिकेतील मोटार कारखान्यात पहिला यांत्रिक हात १९६१ साली कामाला लागला. त्यानंतर वेल्डिंग, रंगकाम, अवजड भाग उचलणे अशी कामे जगभर यंत्रांकडे जाऊ लागली. कामगाराच्या घरातील मुलाला यंत्रमानव प्रथम भेटतो तो वडिलांची जागा घेणारा म्हणून. त्याच यंत्राला आपण आज्ञा देऊ शकतो, ही जाणीव त्याला वेळेवर झाली पाहिजे. श्रीमंत शाळांतील मुलांना ती होतेच.

आरंभासाठी संगणक लागत नाही. वर्गात चौकोनी शहाबादी फरशी असली म्हणजे पुरे. नसल्यास मैदानावर खडूने चौकोन आखावेत. एका टोकाला नळ, दुसऱ्या टोकाला हंडा मानावा. एक मूल यंत्रमानव होते, बाकीची त्याला आज्ञा देतात. ‘पुढे जा’ असे म्हणताच ते भिंतीपर्यंत चालत जाते आणि वर्ग हसतो. किती पुढे, हे कोणी सांगितलेच नव्हते! मग ‘तीन फरश्या पुढे’ अशी सुधारणा होते. ‘उजवीकडे वळ’ म्हटल्यावर वाद होतो, कारण समोर तोंड करून उभ्या असलेल्या मुलाचा उजवा हात सांगणाऱ्याच्या डावीकडे असतो. त्यानंतर ‘समोर दप्तर असेल तर वळ’ ही अट येते आणि ‘हंडा भरेपर्यंत हेच पुन्हा कर’ ही पुनरावृत्ती. क्रम, अट आणि पुनरावृत्ती. मोठमोठ्या आज्ञावल्यांचा पायाही याच तिघांवर उभा असतो.

ही कल्पना नवी नाही. सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. तिच्या आज्ञांवर चालणारे एक कासव होते. कासव अडले की मुलाने स्वतः तसे चालून पाहावे, असा पॅपर्ट यांचा आग्रह असे. पुढे २००७ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने ‘स्क्रॅच’ विनामूल्य उपलब्ध केले. त्यात आज्ञा टंकाव्या लागत नाहीत; रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवावयाचे असतात. एकदा उतरवून घेतल्यावर ते इंटरनेटविना चालते, ही आपल्याकडील शाळांना मोठी सोय आहे. वाचता न येणाऱ्या पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी चित्रांचे ‘स्क्रॅच ज्युनियर’ २०१४ पासून आहे. भारतात एसीएम इंडिया या संस्थेचा ‘सीएसपाठशाला’ हा उपक्रम २०१६ पासून संगणकीय विचार शाळांत नेत आहे आणि त्यातही संगणकाविना करावयाच्या कृतींवर भर आहे.

यंत्राकडे वळताना पुन्हा पाण्याकडेच यावे. ब्रिटनमध्ये २०१६ साली शाळकरी मुलांना वाटलेली ‘मायक्रोबिट’ ही तळहाताहून लहान पट्टी दोन छोट्या सेलवर चालते. तिच्यावर पंचवीस दिवे, दोन बटणे आणि तापमान व हालचाल ओळखण्याची सोय असते. तिला तारांनी जोडलेले दोन खिळे बादलीच्या काठाशी टांगावेत. नळाचे पाणी दोन्ही खिळ्यांपर्यंत चढले की त्यातून किंचित वीज वाहते, पट्टीला तो बदल कळतो आणि आज्ञेप्रमाणे दिवे लागतात. भरत आलेल्या भांड्याची सूचना देणारे यंत्र मुलांच्या हातून तयार झाले! भांडे मात्र प्लास्टिकचे घ्यावे. स्टीलच्या हंड्याला दोन्ही खिळे टेकले तर थेंबभर पाणी नसतानाही दिवे लागतात. माझ्या मते शिक्षकाने हे आधी सांगूच नये. ‘पाणी नाही, तरी दिवे का?’ हा प्रश्न मुलांना सोडवू द्यावा. आपल्या शाळांत चूक म्हणजे लाल शाई. येथे चूक म्हणजे पुढच्या तासाचा पाठ. (घरातील विजेच्या बोर्डाशी यातील काहीही जोडू नये, हे मात्र आधीच बजावावे.)

नुसती यंत्रे वाटून हे साधत नाही. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट येथील एकशिक्षकी प्राथमिक शाळेत २००७ साली ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा प्रयोग झाला. वस्तीवरच्या मुलांच्या हाती संगणक देण्याचे ते धाडस कौतुकास्पद होते. परंतु हीच योजना पेरू देशात फार मोठ्या प्रमाणावर राबविली गेली, तेव्हा गणित व भाषेच्या प्रगतीत फरक दिसला नाही, असे २०१२ च्या पाहणीत आढळले. कुलूपबंद कपाटातील संच पाहुण्यांच्या भेटीपुरते बाहेर निघत असतील, तर ते नसलेले बरे.

वर्गातील विविधतेचा विचार येथेच करावा लागतो. मराठवाड्यातील शहरी वस्तीत एकाच्या घरी दख्खनी, दुसऱ्याच्या घरी गोरमाटी, तर तिसऱ्याच्या घरी हिंदी बोलली जाते. फरशीवरच्या खेळात ‘वळ’ला गोरमाटीत काय म्हणतात ते त्या मुलीला विचारावे; तिची आज्ञाही तितकीच चालते, अट एवढीच की शब्दाचा अर्थ सर्वांनी आधी ठरवून घ्यावा. चौघांच्या गटात बहुधा मुलगा संच धरतो आणि मुलगी वहीत नोंदी करते. दर दहा मिनिटांनी कामे बदलली नाहीत तर हे आपोआप सुधारत नाही. अंध मुलांना पडद्यावरचे ठोकळे निरुपयोगी; त्यांच्यासाठी हाताने जोडावयाचे, ध्वनी देणारे ‘कोड जंपर’ २०१९ मध्ये निघाले. ते न मिळाल्यास दोरी आणि मणी यांनी आज्ञांची माळ ओवता येते.

शासनाच्या धोरणात प्राथमिक वर्ग दीर्घकाळ मागेच राहिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कोडिंग माध्यमिकपूर्व टप्प्यापासून, म्हणजे सहावीपासून सुचविले; २०१६ साली सुरू झालेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळाही सहावी ते बारावीसाठीच आहेत. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५०,००० प्रयोगशाळांची घोषणा झाली. तिसरीतल्या मुलीला तोवर थांबण्याचे कारण नाही. खडूचा एक तुकडा, वर्गातली फरशी आणि आठवड्याचा एक तास एवढ्यावर पहिले सहा महिने सहज निघतात. आणि शिक्षकांनी स्वतः यंत्रमानव होऊन मुलींच्या आज्ञेवर चालून दाखविले, तर पहिल्याच दिवशी वर्ग शाळा सुटल्यावरही थांबेल.