बीजगणिताची भाषा

अंकगणितात रमलेला विद्यार्थी बीजगणिताचे पुस्तक प्रथमच उघडतो, तेव्हा अंकांच्या शेजारी बसलेली अक्षरे पाहून तो बावरतो. चल, पद, सहगुणक, समीकरण हे शब्द तो पाठ करतो. परंतु शब्द पाठ होऊनही त्यांचा अर्थ हाती लागला नाही, तर पुढची वाटचाल अंधारातली होते. वस्तुतः हे शब्द मोठ्या विचाराने योजलेले आहेत. त्यांतील बरेचसे आपला अर्थ आपणच सांगतात.

एक साधे उदाहरण घ्यावे. एका बागाइतदाराने सारख्या आकाराच्या तीन पेट्यांत सारखेच आंबे भरले. आठ आंबे सुटे उरले. एकूण आंबे ८० होते; तर प्रत्येक पेटीत किती आंबे भरले?

पेटीतील आंब्यांची संख्या अजून ठाऊक नाही. अशा संख्येला आपले पूर्वज ‘अव्यक्त’ म्हणत. इ. स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ रचला. त्याच्या ‘बीजगणित’ नावाच्या भागात पहिल्या अव्यक्तास ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जितके असेल तितके’, असे नाव आहे. अव्यक्ते अधिक असली तर त्यांना काळा, निळा, पिवळा, तांबडा अशा रंगांवरून कालक, नीलक, पीतक, लोहितक म्हणत, आणि लिहिताना या, का, नी अशी आद्याक्षरेच लिहीत. मराठी पुस्तकांतून पुढे त्यांच्या जागी ‘क्ष’ आणि ‘य’ आले.

पेटीतील आंबे क्ष मानले, तर एकूण आंबे ३क्ष + ८ होतात. ही झाली बैजिक राशी. ३क्ष आणि ८ ही तिची दोन पदे. क्ष ची किंमत बदलू शकते. पेट्या मोठ्या असत्या तर ती वाढली असती. म्हणून क्ष हा ‘चल’. सुट्या आंब्यांची संख्या पेटीच्या आकारावर अवलंबून नाही, म्हणून ८ हे ‘स्थिर पद’. क्ष च्या सोबत राहून त्याला गुणणारा ३ हा ‘सहगुणक’ होय.

येथेच पुष्कळ विद्यार्थी चुकतात. ३ आणि ८ यांची बेरीज करून ते ११क्ष असे उत्तर लिहितात. तीन पेट्या आणि आठ सुटे आंबे मिळून अकरा पेट्या कशा होतील? तीन पेट्यांत दोन पेट्या मिळवल्या तर मात्र पाच पेट्या होतात; म्हणजे ३क्ष + २क्ष = ५क्ष. अशा पदांना ‘सरूप पदे’ म्हणतात. एकाच जातीच्या राशींची बेरीज करावी व भिन्न जातीच्या राशी वेगळ्या ठेवाव्या, हा नियम भास्कराचार्यांनीही सांगितला आहे.

आता ३क्ष + ८ = ८० असे लिहिले की ‘समीकरण’ झाले. समीकरण म्हणजे सम करणे. तराजूची दोन्ही पारडी सारखी असताना दोहोंतून सारखेच वजन काढले, तर तराजू ढळत नाही. दोन्ही बाजूंतून ८ वजा केले म्हणजे ३क्ष = ७२ उरते; दोन्ही बाजूंना ३ ने भागले म्हणजे क्ष = २४ मिळते. गुंता उकलावा तसे हे उत्तर सुटते, म्हणून त्याला ‘उकल’ म्हणतात. शेवटी पडताळा पाहावा: तीन पेट्यांतील ७२ आणि सुटे ८ मिळून ८० होतात. जे अव्यक्त होते ते व्यक्त झाले.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे इ. स. १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याची नोंद त्यात आहे. पिढ्यान्‌पिढ्या अशा प्रकारे जपलेले हे ज्ञान आज शाळेतील प्रत्येक मुलामुलीच्या हाती आले आहे. ते केवळ घोकून ठेवू नये. प्रत्येक शब्दापाशी क्षणभर थांबून ‘याला असे का म्हणतात?’ हे विचारावे. शब्दाचा अर्थ उमगला की अक्षरांचे भय उरत नाही.